कॅम्परमधलं पिण्याचं पाणी: आरओ घेण्याआधी टाकी आणि पाइप बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतलाय, खाली १०० लिटरची टाकी आहे, १२ व्होल्टचा पंप आहे. मे महिन्यात नागपूरहून हिमाचलातल्या स्पितीला जायचंय आणि दिवाळीनंतर पांढरकवड्यावरून तेलंगणात. सोबत ६८ वर्षांचे मधुमेही सासरे आणि ४ वर्षांची मुलगी. दुकानदार म्हणतो, घरचाच आरओ गाडीत बसवून देतो. बसवावा का?

माझं उत्तर: नका बसवू. मी १९ वर्षं नागपुरात वॉटर प्युरिफायर बसवतो आणि दुरुस्त करतो. गेली काही वर्षं कॅम्पर, बोअरवेलच्या गाड्यांवरच्या पोरांच्या व्हॅन आणि गावोगाव फिरणाऱ्या दवाखान्याच्या गाड्यांचंही पाण्याचं काम करतो. गाडीत पाणी जिथे बिघडतं ती जागा बहुतेक वेळा फिल्टर नसते. ती असते टाकी, भरायचा पाइप, आणि फिल्टरच्या पुढचा पाइप. तिथलं दुखणं तसंच ठेवून वर कितीही महागडं यंत्र लावलं तरी उपयोग होत नाही.

हे मी स्वतःच्या घरच्यांच्या पोटावर शिकलो. माझ्या गाडीत तेव्हा यूएफ, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या नळ्यांचा फिल्टर होता, आणि त्यामागे यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवाही होता. मध्य प्रदेशात जंगल बघायला गेलो होतो, एप्रिल संपत आला होता. तिसऱ्या दिवशी पुतण्याला जुलाब सुरू झाले, रात्री बायकोला. पोराला सलाइन लावायची वेळ आली. मी फिल्टर उघडून पाहिला, दिवा पाहिला, सगळं ठीक. नागपूरला आल्यावर फिल्टरपासून पिण्याच्या नळापर्यंतचा तीन फूट पारदर्शक पाइप काढला आणि ब्लेडने उभा चिरला. आतून बोट फिरवलं तर भेंडी चिरल्यावर बोटाला लागते तशी बुळबुळ, आणि खिडकीच्या बाजूला हिरवट पट्टा. कार्बनने क्लोरीन काढून टाकलेलं, यूव्हीने जंतू मारलेले, पण त्यापुढे पाण्याचं रक्षण करणारं काहीच उरलेलं नव्हतं. ते पाणी दिवसभर उन्हात त्या पाइपात उभं राहायचं, आणि संध्याकाळी पहिला ग्लास आम्ही पोरालाच द्यायचो. तो पाइप चुकीच्या जागी मीच लावला होता.

तेव्हापासून माझा नियम आहे. टाकीत क्लोरीन राहू द्यायचं, आणि फिल्टर थेट पिण्याच्या नळाला चिकटून लावायचा. मधला पाइप वीतभर, तोही अपारदर्शक. बरेच फिटर टाकीत पाणी जातानाच कार्बन फिल्टर लावतात, म्हणजे टाकीत 'शुद्ध' पाणी भरलं असं गिऱ्हाईकाला वाटतं. प्रत्यक्षात त्यांनी पाण्याचं चिलखत काढून ते ४० अंशांच्या टाकीत कोंडलेलं असतं. भरताना लावायची असेल तर फक्त माती अडवणारी जाळी किंवा स्पन फिल्टर लावा, कार्बन नको.

आता आरओ का नको ते सांगतो. पाण्यात त्रास देणाऱ्या गोष्टी तीन जातींच्या असतात. माती आणि गाळ गाळून निघतो. जंतू गाळून अडतात किंवा मारावे लागतात. आणि विरघळलेली द्रव्यं, म्हणजे क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, ही ना गाळून जातात ना उकळून. उकळल्यावर पाणी उडून जातं आणि ती उलट थोडी दाटच होतात. आरओ खऱ्या अर्थाने लागतो तो या तिसऱ्या जातीसाठी. पण प्रवासात ही जात फार क्वचित आडवी येते, कारण तिचा त्रास महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं तेच पाणी पिऊन होतो. जंतू मात्र एका ग्लासात, त्याच रात्री आडवं करतात. तुमच्यासोबत मधुमेही वडीलधारे आणि लहान मुलगी आहे, तुमचा शत्रू जंतू आहे.

शिवाय गाडीत आरओची स्वतःची दुखणी आहेत. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर टाकून देतो. घरी ते पाणी झाडांना घालता, गाडीत १०० लिटरच्या टाकीतून ते कुठून आणणार? त्याचा बूस्टर पंप २४ व्होल्टचा असतो, म्हणजे तुमच्या १२ व्होल्टवर वेगळा कन्व्हर्टर आला. आरओतल्या गाळणाऱ्या पडद्याची, म्हणजे मेम्ब्रेनची मर्यादा बहुतेक घरगुती यंत्रांत ४५ अंशांची असते, आणि नागपुरात मेमध्ये बंद उभ्या गाडीच्या आत पारा कुठे जातो हे तुम्हाला सांगायला नको. दोन सहलींच्या मध्ये चार महिने गाडी उभी राहिली की ओलं मेम्ब्रेन आतल्या आत कुजतं. आपल्या पेंच-कन्हानच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या द्रव्यांचं प्रमाण, तसाही लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या बराच खाली असतो. ५०० ही भारतीय मानकातली, आयएस १०५०० मधली स्वीकारार्ह मर्यादा आहे. त्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी ओतून देणं.

टीडीएस मीटरबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण लोक त्या पेनावर फार विसंबतात. परवा एक गिऱ्हाईक अभिमानाने सांगत होते, पचमढीच्या ओढ्याचा टीडीएस फक्त ६० आला म्हणून सगळे थेट प्यालो. ते पेन पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं. ओढ्यात वरच्या अंगाला म्हैस बसलेली आहे की नाही हे त्याला कळत नाही. उलट चारशे टीडीएसच्या हातपंपात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असू शकतं, तेही त्याला कळत नाही. मीटर ठेवा, पण पाणी पिण्याजोगं आहे असं त्याच्या आकड्यावरून ठरवू नका.

मग तुमच्या गाडीत काय लावावं? आपल्या घरांमध्ये पूर्वीपासून दोन पाणी वेगळी असायची. पिण्याचं पाणी देवघराजवळच्या माठात, त्यात हात घालायचा नाही, ओगराळ्याने काढायचं. आणि वापरायचं पाणी न्हाणीघरात. गाडीतही तेच करा. १०० लिटरची टाकी वापरायच्या पाण्याची समजा, जरी तीत तुम्ही नळाचं चांगलंच पाणी भरणार असलात तरी. पिण्यासाठी वेगळा, तोटी असलेला २० लिटरचा फूड ग्रेड कॅन आत, सावलीत, पट्ट्याने बांधून ठेवा. पाच माणसांना उन्हाळ्यात पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला तेवढं सहज लागतं, त्यामुळे तो रोज रिकामा होतो आणि रोज भरला जातो. शिळं पाणी उरतच नाही.

टाकी ते कॅन या वाटेवर तीन गोष्टी एका रांगेत. आधी ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर, मग कार्बन ब्लॉक, शेवटी यूएफ. हा क्रम बदलू नका. स्पन माती धरतो, नाहीतर पुढचे दोन्ही चार दिवसांत तुंबतात. कार्बन क्लोरीनचा वास-चव आणि डिझेलबिझेलचा वास घेतो, पण कार्बनमध्ये जंतूंना राहायला जागा फार, म्हणून त्यामागे यूएफ हवंच. यूएफची छिद्रं साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची असतात. जुलाबाचे जिवाणू बहुतेक अर्ध्या मायक्रॉनपेक्षा मोठे, जिआर्डियाच्या गाठी ८ ते १२ मायक्रॉनच्या, त्यामुळे हे सगळे अडतात. काविळीचा हेपॅटायटिस ए विषाणू मात्र ०.०३ मायक्रॉनच्या आसपास असतो, तो मोठ्या छिद्रांच्या यूएफमधून निसटू शकतो. त्यासाठी टाकीतलं क्लोरीन. उलट क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, तो ४ ते ६ मायक्रॉनचा असल्याने यूएफमध्ये अडतो. एकाची उणीव दुसरा भरतो म्हणून ही जोडी मला आवडते, आणि ती जोडी दुकानदाराच्या बिलाच्या निम्म्यात बसते.

यूव्ही वाईट नाही. पाणी नितळ असेल तर तो जंतू, विषाणू, परजीवी तिघांनाही मारतो. पण पाणी गढूळ असलं की कणांच्या सावलीत जंतू लपतात, दिव्याभोवतीची काचेची नळी खराब रस्त्यावर तडकते, आणि दिवा चालू असूनही कमजोर झालेला असेल तर डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या सासऱ्यांसाठी आणि मुलीसाठी मी यूव्हीपेक्षा साधी गोष्ट सुचवीन: त्यांचं पाणी रात्री उकळा. खळखळून उकळी आली की एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. स्पितीतल्या काझ्याला पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला वेळ लागेल, पण जंतू मरायला तेवढी उष्णता पुरते. झाकण ठेवून थंड करा आणि त्याच भांड्यातून वाढा. दुसऱ्या बाटलीत ओतताना बाटली धुतलेली नसेल तर उकळण्याची मेहनत वाया जाते.

क्लोरीनचं प्रमाण नीट सांगतो, कारण 'थोडंसं टाका' असं सांगून कोणाचं भलं होत नाही. केमिकलच्या दुकानात सोडियम हायपोक्लोराइट मिळतं. ५ टक्क्यांचं, सुगंध न मिसळलेलं, ताजं घ्या. उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत उतरत जातं. १०० लिटर पाण्याला ४ मिलिलिटर टाकलं की लिटरला २ मिलिग्रॅम होतं. बिनसुईच्या इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, झाकणाने नाही. अर्धा तास थांबा. मग ग्रामपंचायतीचे पाणीवाले करतात ती ओटी टेस्ट करा: नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, फिकट पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. रंगाच्या पट्टीवर ०.२ ते ०.५ मिलिग्रॅमच्या मध्ये असावं. रंग आलाच नाही तर पाण्यातल्या घाणीने सगळं क्लोरीन खाल्लं असं समजा आणि पुन्हा थोडं टाका. टेस्टचं पाणी फेकून द्या, ते विषारी असतं, आणि ती बाटली मुलीच्या हाती लागू देऊ नका. नागपूरच्या उन्हात गाडीखालची टाकी इतकी तापते की सकाळचं क्लोरीन संध्याकाळी निम्मंही उरत नाही. मेमध्ये ही टेस्ट रोज करा. डोंगरात गेल्यावर दिवसाआड चालेल.

निघण्याआधी टाकीची मोठी धुणी करायची. कार्बन आणि यूएफ काढून ठेवा. टाकी पूर्ण भरा, १०० मिलिलिटर हायपोक्लोराइट टाका, गाडी कॉलनीतून एक चक्कर फिरवून आणा म्हणजे पाणी छताला लागेल. प्रत्येक नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास ठेवा, मग काढून दोनदा साध्या पाण्याने खळबळून घ्या. टाकी स्टीलची असेल तर चार तासांच्या वर अजिबात ठेवू नका, क्लोरीन स्टीलला खातं. आणि गाडीत संडास आहे म्हणून आवर्जून सांगतो: संडास साफ करायचं ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र येऊ देऊ नका. बंद गाडीत तो वायू जीव घेतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

भरायचा पाइप स्वतःचा ठेवा. बागेचा हिरवा पाइप नको, त्याचा वास आणि चव पाण्यात उतरते. फूड ग्रेड, पांढरा किंवा निळा, दहा मीटर पुरतो, आणि दोन्ही टोकांना बुचं. तो सांडपाण्याच्या पाइपाशेजारी कधीच ठेवायचा नाही. ढाब्यावरच्या नळाला जोडण्याआधी नळाचं तोंड क्लोरीनच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसा, मिनिटभर पाणी वाहू द्या, बादलीत थोडं घेऊन उजेडात बघा, नाकाशी धरा. पाइपचं टोक टाकीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. ही दोन मिनिटांची कामं आहेत, आणि नेमकी थकून आल्यावर तीच राहून जातात.

पाणी कुठून घ्यावं याला कोणतंही यंत्र पर्याय नाही. शहरातला नगरपालिकेचा नळ पहिला, मग पेट्रोल पंप किंवा मोठ्या धर्मशाळेचं पाणी, मग गावचा नळ. आपल्याकडे आरोग्य विभाग गावच्या पाण्याच्या सोयीची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. कार्ड कोणतं ते विचारायला लाजू नका. आणि हातपंपावरच्या बायांना विचारा. पण 'पाणी चांगलं आहे का' असं विचारलं तर पाहुण्यासमोर कोणीही "चांगलंच आहे जी" म्हणेल. विचारायचं, "तुम्ही प्यायला कुठलं नेता आन्‌ धुण्याले कुठलं?" लगेच हात दाखवून सांगतात.

पांढरकवड्याच्या अलीकडे एका गावात मी असंच विचारलं होतं. बाईने वापरायचा म्हणून दाखवलेल्या पंपाजवळ तिचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा उभा होता. तो हसला तेव्हा पुढच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा दिसल्या, चहाचा डाग वाळावा तशा. ते फ्लोराइड. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त आहे. मानकात लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. पलीकडे तेलंगणात नलगोंडा त्याच दुखण्यासाठी देशभर माहीत आहे, आणि तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड उतरवायची 'नलगोंडा पद्धत' आपल्याच वर्धा रोडवरच्या नीरी या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात बसवली. ती गाडीत करायची गोष्ट नाही, तिचं प्रमाण त्या त्या पाण्यावर ठरतं. तुम्ही दोन दिवस ते पाणी प्यालात म्हणून दात खराब होणार नाहीत. तरी मुलीचे पक्के दात आत तयार होण्याचं वय आहे, म्हणून त्या पट्ट्यात बोअरचं पाणी टाळा. नागपूरहून दोन कॅन जास्तीचे न्या, किंवा सीलबंद कॅन घ्या. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १४५४३ हा क्रमांक असेल असा बघा. लग्नकार्यात येतो तो थंडगार पाण्याचा जार म्हणजे सीलबंद पाणी नव्हे. तो मिळाला तर त्यालाही क्लोरीन लावा.

पश्चिमेकडे कधी निघालात तर अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णाकाठचा खारपाण पट्टा आठवणीत ठेवा. तिथलं विहीर-बोअरचं पाणी खारं, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना नको. तिथेही वाटेतल्या शहरातून भरून घेणं आरओपेक्षा सोपं. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत शेताकडेच्या नाल्याचं पाणी कोणत्याच फिल्टरवर विसंबून घेऊ नका. हिरवी साय आलेल्या तलावाचंही नको. त्या शेवाळाचं विष उकळूनही जात नाही. बोटवाले मला गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याबद्दल विचारतात, त्यांनाही हेच सांगतो: आपल्या नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेला मिळून तिकडेच जातं, पाणी काठावरून भरून न्या.

स्पितीत वेगळी अडचण येईल. नद्यांचं पाणी राखाडी, पिठासारख्या बारीक गाळाचं असतं. ते थेट लावलं तर स्पन एका दिवसात चोंदतो. नळाचं पाणी नाहीच मिळालं तर २० लिटरच्या बादलीत मोठ्या हरभऱ्याएवढी तुरटी विरघळवून रात्रभर ठेवा, सकाळी तळ न हलवता वरचं निवळ काढा, जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून गाळा, मग क्लोरीन आणि फिल्टर. साडीला हसू नका. बांगलादेशात जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळल्यावर कॉलरा निम्म्याच्या आसपास उतरला होता, तसा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. कॉलऱ्याचे जंतू बारीक जलजीवांना चिकटून असतात, ते जीव पदरात अडकतात.

आणि थंडी. एकदा ओलं झालेलं यूएफ गोठलं की आतल्या केसाएवढ्या नळ्या तडकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणी उलट जास्त जोराने येतं आणि माणूस खूश होतो. मेच्या सुरुवातीला काझ्याकडे रात्री पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो. रात्री पंप बंद करून पाइप मोकळे करा, यूएफचा डबा काढून माणसं झोपतात तिथे, पांघरुणात गुंडाळून ठेवा. गोठल्याची शंका जरी आली तरी तो फेकून द्या. सोबत जादा यूएफ एक, स्पन तीन, हाऊसिंग उघडायची चावी, ओ-रिंग आणि टेफ्लॉन टेप असू द्या.

निघण्याच्या दहा दिवस आधी टाकी धुऊन, सगळं जोडून, भरून गाडी दोन दिवस उन्हात उभी करा. मग पिण्याच्या कॅनमधलं पाणी एच-टू-एस बाटलीत भरून घरातल्या उबदार जागी ठेवा. ही बाटली प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. ४८ तासांत पाणी काळं पडलं तर कुठेतरी मैल्याचे जंतू आहेत. मग फिल्टर बदलण्याआधी कॅनच्या तोटीकडे आणि त्यामागच्या वीतभर पाइपाकडे बघा, तो काढा, चिरा, आतून बोट फिरवा.